माळ्यावर सापडलेला 'चांदीचा' टीसेट, त्यावर मुकुट आणि झेंडा. शिक्के कुणाचे? (रविवारच्या आत पायजे)

मंगळवारपेठकर | मंगळवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमचं कोल्हापुरातलं, मंगळवार पेठेतलं जुनं घर पाडायचं ठरलंय, माळा रिकामा करताना एक पत्र्याची ट्रंक निघाली, वर जुनी पंचांगं आणि वाळवी लागलेली गोधडी आणि खाली धोतराच्या फडक्यात बांधलेला चहाचा सेट. किटली, दुधाचा जग, साखरेचं भांडं (त्याला वाघनखासारखे चार पाय), ११ चमचे, सहा बोथट सुऱ्या ज्यांच्या पात्यावर मासे कोरलेत आणि मुठी पांढऱ्या आहेत, आणि साखरेचा चिमटा. सगळं काळं ठिक्कर. वाण्याच्या काट्यावर ३ किलो १०० ग्रॅम भरलं, सुऱ्या धरून.

आता गंमत अशी की धाकटे चुलते म्हणतात हे शाहू महाराजांच्या राज्यारोहणाच्या मेजवानीतलं आहे, १८९४ चं, खापरपणजोबांना बक्षीस मिळालेलं. पुरावा काय तर किटलीच्या बुडाला झेंडा आहे आणि साखरेच्या भांड्याला मुकुट. "झेंडा आणि मुकुट, अजून काय पायजे?" आजी (वय ९१, कान तिखट) म्हणते कसलं बक्षीस नि कसलं काय, माझ्या सासऱ्यांनी सायबाच्या लिलावातनं आणलेलं, कधी कुणी त्यात चहा केला नाही.

रविवारी वाटणी आहे. चुलत्यांचं म्हणणं गुजरीत (आमचा सराफ बाजार) नेऊन सरळ आटवायचं आणि वजनावर तीन वाटे करायचे. माझ्या जिवावर आलंय. फोटो टाकलेत, धूसर आहेत, पण कुणाला शिक्के ओळखता आले तर बघा.

रस्सा_पांढरा | मंगळवार, रात्री १०:५५

३ किलो चांदी!! भावा रविवारी जेवायला कुठं यायचं तेवढं सांग. झेंडा आणि मुकुट म्हटल्यावर विषयच संपला की, नाद खुळा.

चमचेवाला_काका | मंगळवार, रात्री ११:३०

विषय संपला नाही, आत्ता कुठे सुरू झालाय. मंगळवारपेठकर, पहिली विनंती म्हणजे काहीही घासू नका. रांगोळी नको, राख नको, टूथपावडर नको, ब्रासो तर अजिबात नको. आपल्या बायका देवाची चांदी रांगोळीनं घासतात ते चालतं कारण आतपर्यंत चांदीच असते, पण ह्या भांड्यांवर चांदी असलीच तर फक्त वरचा मुलामा असायची शक्यता मला जास्त वाटते आणि मुलामा घासून गेला की परत येत नाही, आणि त्याच्याबरोबर शिक्केही बुजतात.

शिक्का वाचायची माझी पद्धत सांगतो. खिडकीशी उभं राहून उजेड तिरका पडेल असं धरायचं, मोबाइलचा फ्लॅश बंद. सोनाराचं भिंग मिळालं तर उत्तम. तरी दिसलं नाही तर काजळाच्या डबीतलं काजळ बोटानं हलकंच चोळायचं, वरचं फडक्यानं टिपून घ्यायचं, खाचेत उरलेल्यावर सेलोटेप दाबून चिकटवायचा आणि उचलून पांढऱ्या कागदावर लावायचा. ठसा छापल्यासारखा येतो. माझ्या अशा दोन वह्या भरल्यात, आमची ही म्हणते घरात काजळ लावणारं कोणी नाही आणि डब्या मात्र महिन्याला संपतात.

प्रत्येक वस्तूवरचा शिक्का वेगवेगळा लिहून द्या. सेट एका फडक्यात बांधला होता म्हणून तो एका कारखान्यातला असतो असं नाही.

मंगळवारपेठकर | बुधवार, सकाळी ८:१५

काका, रात्री एक वाजेपर्यंत हेच करत बसलो होतो, बायकोचं काजळ संपलं, ती बोलत नाहीये. जे वाचता आलं ते असं.

किटली: छोटा फडकता झेंडा, त्यात इंग्रजी डब्ल्यू अँड एच. खाली शेफील्ड. मग आर डी आणि आकडा, २४१ नंतरचे तीन आकडे नीट लागत नाहीत, पण एकूण सहा आकडी आहे हे नक्की.
दुधाचा जग: चार खणात ई, पी, एन, एस. अक्षरं जुन्या चर्चच्या पाटीवर असतात तशी टोकदार.
साखरेचं भांडं: मुकुट, मग एक अक्षर बी किंवा आर, मग अँड, मग एस. पायांच्या नख्यांवर चांदी उडून तांबूस दिसतंय.
चमचे: ए अँड एन, सी एस एल, आणि ई पी एन एस, ए १.
सुऱ्या: पात्यावर ई पी एन एस, पण मुठीला जी पातळ कडी आहे तिच्यावर अगदी खसखशीएवढे शिक्के. एक मुकुट, एक प्राणी, एक अक्षर.
चिमटा: जहाजाचा नांगर, चालणारा प्राणी (सिंह? मांजर?), छोटा एफ, आणि दोन अक्षरं.

गुजरीकर_१ | बुधवार, सकाळी ९:०२

शिक्के म्हणजे हॉलमार्कच की. चार खण आहेत म्हणजे चांदीच. इंग्लंडची चांदी ९२.५ टंच असते, म्हणजे शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी. आमच्याकडे मागे एक जण चमचा घेऊन आलेला त्यावर स्पष्ट ९० लिहिलेलं, ९० टंच. परदेशी माल खोटं लिहीत नाही.

चमचेवाला_काका | बुधवार, सकाळी ११:२०

गुजरीकर, रागावू नका पण तुमच्या एका पोस्टीत दोन खड्डे आहेत आणि दोन्हींत भले भले पडलेत.

चार खण म्हणजे चांदी, असं वाटावं म्हणूनच ते चार खण केलेले आहेत. ई पी एन एस म्हणजे इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर. तांबं, निकेल आणि जस्त ह्यांचा मिश्रधातू, आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो, त्यावर विजेनं चढवलेलं चांदीचं पाणी. निकेल सिल्व्हरमध्ये नावापुरतीच सिल्व्हर. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी १८४० मध्ये ह्या इलेक्ट्रोप्लेटिंगचं पेटंट घेतलं आणि मग चांदीचा टीसेट मध्यमवर्गी सायबाच्या घरीही दिसायला लागला. कारखानदार अक्षरं एकेका ढालीत अशा थाटात मारायचे की टेबलावरच्या पाहुण्यानं चमचा उलटा केला तर त्याला लांबून हॉलमार्क वाटावा. ए १ हा पण प्लेटिंगचा दर्जा, टंच नाही.

दुसरं ते ९०. जर्मन पद्धतीत प्लेटेड चमच्यावर ९० असतं त्याचा अर्थ १२ चमचे आणि १२ काटे मिळून २४ नगांवर ९० ग्रॅम चांदी चढवलीये. भागाकार करा, एका चमच्याला पावणेचार ग्रॅम. डब्ल्यू एम एफ ह्या जर्मन कंपनीच्या मालावर हा आकडा पुष्कळदा दिसतो, जुन्या मालावर त्यांचा शहामृग असतो. जर्मनीची खरी चांदी असेल तर ८०० सारखा तीन आकडी आकडा, आणि १८८८ नंतरची असेल तर शेजारी चंद्रकोर आणि मुकुट. तुमच्या त्या गिऱ्हाइकाला ९० टंचाचा भाव दिला नसेल अशी आशा करतो.

गुजरीकर_१ | बुधवार, सकाळी ११:४१

मी नाही दिला. वडिलांनी दिला. १९९६ साली. आज रात्री विचारतो त्यांना.

रस्सा_पांढरा | बुधवार, दुपारी १२:०५

😂😂😂 गुजरीकर जेवण झाल्यावर विचारा, आधी नको.

म्हणजे झेंडा पण गेला का? मला वाटलं आपला जरीपटका.

जुनं_ते_जुनं | बुधवार, दुपारी २:३०

झेंडा शेफील्डच्या वॉकर अँड हॉलचा आहे, त्यांची ठरलेली खूण, झेंड्याच्या आत डब्ल्यू अँड एच. त्या काळी शेफील्डमधल्या प्रत्येक मोठ्या कारखान्याचं असं चित्र असायचं कारण गिऱ्हाइकाला अक्षरं लक्षात राहत नाहीत, चित्र राहतं. जेम्स डिक्सनची तुतारी (निवडणुकीतली नव्हे, आधीची), विल्यम हटनचे आडवेतिडवे बाण. फ्रान्सचं क्रिस्टोफ्ल जुनं असेल तर तराजू. मी पुण्यात जुन्या बाजारातून बाणवाले सहा काटे घेतलेत, विकणारा म्हणाला ताई हे शिवकालीन आहेत बघा बाण आहेत. काटे!! शिवकालीन काटे!!!

पण मंगळवारपेठकर, तुमच्याकडे झेंड्यापेक्षा मोठी गोष्ट आहे ती म्हणजे आर डी चा आकडा. आर डी म्हणजे रजिस्टर्ड डिझाइन. ब्रिटनमध्ये १८८४ च्या जानेवारीपासून डिझाइनना १ पासून ओळीनं नंबर द्यायला लागले आणि कुठल्या वर्षाच्या सुरुवातीला नंबर कुठं पोचला होता त्याची यादी आहे. १८९० च्या सुरुवातीला १,४१,२७३. १८९४ ला २,२४,७२०. १८९५ ला २,४६,९७५. तुमचा २ लाख ४१ हजार काहीतरी, म्हणजे १८९४.

मंगळवारपेठकर | बुधवार, दुपारी २:४४

थांबा. १८९४??? म्हणजे चुलते बरोबर???

रस्सा_पांढरा | बुधवार, दुपारी २:४५

जाळ आणि धूर संगटच 🔥🔥 काका कुठायत?

जुनं_ते_जुनं | बुधवार, दुपारी ३:२०

अहो थांबा, पूर्ण लिहू तरी द्या. त्या वर्षात साधारण २२ हजार नंबर दिले गेले. २,४१,००० म्हणजे वर्षाचे तीन चतुर्थांश नंबर संपल्यावरचा. ओळीनं धरलं तर सप्टेंबरच्या आसपास. शाहू महाराजांनी अधिकार हाती घेतले २ एप्रिल १८९४ ला. म्हणजे मेजवानी झाली तेव्हा ह्या किटलीचं डिझाइन शेफील्डमध्ये नोंदवलेलंसुद्धा नव्हतं. आणि नंबर हा डिझाइनचा असतो, भांड्याचा नाही, तेच डिझाइन पुढं बरीच वर्षं काढत राहायचे. म्हणजे किटली १८९४ च्या शरदाआधीची नाही एवढंच नक्की, नंतरची कितीही असू शकते.

मंगळवारपेठकर | बुधवार, दुपारी ३:३१

पाच महिन्यांनी हुकलं 😐 हे मी चुलत्यांना कसं सांगू. वर्ष बरोबर आहे, महिना चुकलाय.

चमचेवाला_काका | बुधवार, संध्याकाळी ५:१०

ताईंनी फार नेटकं मांडलं. मी फक्त इतर वस्तूंचं बोलतो.

मुकुट. ह्यावर माझी अर्धी हयात गेलीये. शेफील्डच्या सरकारी तपासणी कचेरीची, म्हणजे ऍसे (assay) ऑफिसची, खूण मुकुट होती, १७७३ पासून. खऱ्या चांदीवर मुकुट, चालता सिंह आणि वर्षाचं अक्षर. आता त्याच गावातले प्लेटवाले पण आपल्या मालावर मुकुट मारायला लागले, दर्जा दाखवायला म्हणे. लोक फसायचे. शेवटी १८९६ च्या सुमाराला प्लेटेड मालावर मुकुट मारणं बंद करायला लावलं. म्हणून तुमच्या साखरेच्या भांड्यावर मुकुट आहे, सिंह नाही आणि खालून तांबं डोकावतंय, ह्याचा अर्थ ते तांब्यावर प्लेटिंग केलेलं आणि बहुतेक १८९६ च्या आधीचं आहे. त्यातली अक्षरं बी अँड एस की आर अँड एस हे स्वच्छ ठसा बघितल्याशिवाय मी बोलणार नाही.

तांबूस दिसतंय म्हणून लगेच कुणी ओल्ड शेफील्ड प्लेट म्हणेल. ती वेगळी. थॉमस बोल्सोव्हर नावाच्या शेफील्डच्या कारागिरानं १७४३ च्या सुमाराला तांब्याच्या लगडीवर चांदीचा पत्रा तापवून चिकटवला आणि मग दोन्ही मिळून लाटलं, पोळीला साटा लावून लाटतात तसं. त्यात कडेला तांब्याची चीर दिसू नये म्हणून चांदीची तार वळवून बसवलेली असते, नख घातलं की लागते. तुमच्या फोटोत कडेला तशी तार दिसत नाही.

सुऱ्यांच्या कडीवर मात्र मुकुटाबरोबर प्राणी आहे. तो सिंह असेल तर ती कडी खरी चांदी. पातं प्लेटेड, कडी स्टर्लिंग (म्हणजे ९२.५ टंच चांदी), ही त्या काळची रीतच. दुकानदार कडीवरचा शिक्का दाखवून अख्खी सुरी चांदीची म्हणून विकतात. कडीचं वजन ग्रॅमात पण मोजायला नको.

आणि चिमटा. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. ते गाव समुद्रापासून इतकं लांब आणि खूण नांगर, ह्याची गोष्ट अशी सांगतात की बर्मिंगहॅम आणि शेफील्डची माणसं ऍसे ऑफिस मागायला लंडनला गेली होती तेव्हा क्राऊन अँड अँकर नावाच्या खाणावळीत भेटायची, नाणं उडवून एकानं मुकुट घेतला, दुसऱ्यानं नांगर. गोष्ट आहे, पण छान आहे. चालता सिंह असेल तर तुमचा चिमटा ९२५ स्टर्लिंग. छोटा एफ बर्मिंगहॅमला १८८० पण होऊ शकतो आणि १९०५ पण. राणीचं डोकं असलेला शिक्का आहे का बघा. १८९० मध्ये चांदीवरचा कर गेला आणि कर भरल्याची ती डोक्याची खूण पण गेली.

मंगळवारपेठकर | बुधवार, रात्री ९:५०

डोकं नाही. दोनदा बघितलं, बायकोनं पण बघितलं (बोलायला लागलीये). प्राणी सिंहच आहे, एक पंजा वर उचललाय. सुरीच्या कडीवर पण तोच.

चमचेवाला_काका | बुधवार, रात्री १०:१५

मग १९०५. पाच हजार मैलांवरनं आलेल्या तीन किलो सामानात खरी चांदी तेवढा चिमटा, आणि सुऱ्यांच्या त्या पातळ कड्या.

हुपरी_पैंजण | गुरुवार, सकाळी ७:३०

आमी हुपरीचं, तीन पिढ्या पैंजण करतोय. काका म्हणतायत ते शंभर टक्के, पण एक सांगतो. तुमी गुजरीत किंवा कुठंबी न्याल तर दुकानदार काय करंल, वरनं थेंब टाकंल. वरनं चांदीच हाय तवा चांदीच दावणार. मशीनवर धरलं तरी मशीन बी वरचंच वाचतंय. बुडाला न दिसंल अशा जागी कानशीनं एक खाच मारायची, मुलाम्याच्या आत जाईल एवढी, आणि मग खाचेत तेजाबाचा थेंब. हिरवा फेस आला की आत तांब्याचं मिश्रण. चांदी असंल तर सायीसारखं पांढुरकं दिसतंय. पर शिक्का ई पी एन एस हाय म्हटल्यावर कशाला खाच पाडता, लिहूनच ठिवलंय की त्यांनी.

आणि आटवायचं डोक्यातनं काढा. तेवढ्या मुलाम्याची चांदी सोडवून काढायला जेवढा खर्च तेवढी चांदी बी निघायची न्हाई. कोण घेणार न्हाई. भंगारात जर्मन म्हणून जाईल.

सातारची_सून | गुरुवार, सकाळी ८:४०

जर्मन वरून आठवलं, आमच्या सासूबाई जर्मलचं पातेलं म्हणतात ते तर ऍल्युमिनियमचं असतं! म्हणजे जर्मन सिल्व्हर, जर्मल आणि जर्मनीची चांदी ही तिन्ही वेगवेगळी?

हुपरी_पैंजण | गुरुवार, सकाळी ८:५५

व्हय ताई. तिन्ही येगळी आणि तिघांच्या भावात आभाळ-जमिनीचा फरक.

मंगळवारपेठकर | गुरुवार, रात्री ८:२०

हुपरीचे दादा, तुम्ही सकाळी लिहिलंत आणि दुपारी तेच झालं. चुलते माझं ऐकेनात, किटली पिशवीत घालून एका दुकानात गेले, मला पण नेलं. तिथल्या माणसानं बुडाला कसोटीचा थेंब टाकला, लाल झालं, म्हणाला चांदी आहे, घेतो, पण टंच कमी लागेल. चुलते माझ्याकडे असे बघायला लागले की मीच चोर. मी म्हटलं खाच मारून बघा. तो म्हणाला आम्ही वीस वर्षं हेच करतो. मी म्हटलं मारा हो खाच. मारली. हिरवं. मग तो म्हणतो किटली ठेवून जा, शोपीस म्हणून हजार रुपये देतो. चुलते तिथनं घरापर्यंत बोलले नाहीत, भवानी मंडपापाशी सोडा प्यायला थांबलो तेव्हा पण नाहीत.

गुजरीकर_१ | गुरुवार, रात्री ९:१०

आमचं दुकान नव्हतं. तेवढं सांगून ठेवतो.

आणि वडिलांना विचारलं. त्यांना तो चमचा आठवतो. बाकी काही बोलले नाहीत.

जुनं_ते_जुनं | गुरुवार, रात्री ९:४५

तुमच्या चमच्यांकडे कोणी बघतच नाहीये आणि मला ते सगळ्यात आवडलेत. ए अँड एन, सी एस एल म्हणजे आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड. हा कारखाना नाही, दुकान आहे. लष्करातल्या आणि आरमारातल्या अधिकाऱ्यांनी स्वस्तात माल मिळावा म्हणून लंडनमध्ये काढलेलं ग्राहक भांडार म्हणा. दुसऱ्यांकडून माल बनवून घ्यायचे आणि स्वतःचं नाव ठोकायचे. म्हणजे मेकर्स मार्क (बनवणाऱ्याचा शिक्का) म्हणून जे शोधतो ते कधी कधी विकणाऱ्याचं नाव निघतं. त्यांची मुंबईला शाखा निघाली १८९१ मध्ये, काळा घोड्याजवळची आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग अजून उभी आहे. आणि मिरज-कोल्हापूर रेल्वे कधी सुरू झाली?

चमचेवाला_काका | गुरुवार, रात्री १०:०५

१८९१! वा ताई.

म्हणजे रेसिडेन्सीतल्या (संस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या) कुणा साहेबानं मुंबईहून चमचे मागवले, ते रेल्वेनं आले, हे सहज शक्य आहे. चमचे एका दुकानाचे, किटली दुसऱ्याची, भांडं आधीचं, चिमटा नंतरचा. मेजवानीसाठी राजवाड्यानं सेट मागवला असता तर सगळ्यावर एकच शिक्का असता, आणि बहुतेक संस्थानचं चिन्ह कोरलेलं असतं. असा पंचमेळ जमतो तो संसारातनं, आणि संसार विकायला निघतो लिलावात. माझं मत आजींच्या बाजूनं.

मंगळवारपेठकर | गुरुवार, रात्री १०:३०

आजीला वाचून दाखवलं. म्हणाली, "मग मी काय सांगत होते? पण माझं ऐकतंय कोण, आता त्या मोबाइलवाल्या काकांनी सांगितलं म्हणून पटलं होय रे?" आणि मग नवीनच माहिती. ११ चमचे का, १२ का नाहीत? बारावा चमचा तिच्या थोरल्या नणंदेच्या लग्नात रुखवतात चांदीचा म्हणून मांडला होता. तो सासरी गेला. पन्नास वर्षं कुणी उलटा करून बघितला नाही.

रस्सा_पांढरा | गुरुवार, रात्री १०:३४

कुणीही नणंदेच्या घरी फोन करू नये. प्लीज.

सातारची_सून | शुक्रवार, सकाळी ९:००

सुऱ्यांच्या मुठी हस्तिदंताच्या आहेत का हो? असल्या तर त्याचीच किंमत येईल ना?

चमचेवाला_काका | शुक्रवार, सकाळी १०:२५

ताई, हस्तिदंत असेल तर उलट अडचण, आपल्याकडे वन्यजीव कायद्यानं त्याची खरेदी-विक्री करता येत नाही, जुनं असलं तरी. पण बहुतेक हाडाच्या असतील. भिंगातून बघा, हाडात बारीक बारीक काळपट ठिपके किंवा रेघोट्या दिसतात, हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वळणदार रेषांची जाळी दिसते. तिसरा प्रकार सेल्युलॉइड, त्यात रेषा असतात पण अगदी सरळ समांतर, कारखान्यात ओढलेल्या. आणि सुऱ्या गरम पाण्यात बुडवू नका, मूठ आत राळेनं बसवलेली असते, सुटते.

मंगळवारपेठकर | शुक्रवार, दुपारी १:१०

ठिपके आहेत. हाड.

एक विचारायचं होतं, चुलत्यांच्या मुलानं बाहेरच्या एका साइटवर सेट विकायला टाकूया म्हटलंय, परदेशी लोक जास्त देतात म्हणे.

जुनं_ते_जुनं | शुक्रवार, दुपारी २:००

जरा सबुरीनं. १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा आहे, १०० वर्षांपेक्षा जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. साध्या चमच्यांना तो किती लागू होतो ह्यावर आधी जाणकाराला विचारा, मग पार्सल बांधा. आणि खरं सांगू का, तिकडे ई पी एन एस पोत्यानं पडलंय, पोस्टेजच जास्त होईल.

हुपरी_पैंजण | शुक्रवार, संध्याकाळी ६:४५

आणि परत प्लेटिंग करून नवीन करायचा इचार असंल तर थांबा. माझ्या हातनं एकदा झालंय. एका पावण्यांची अशीच किटली आलेली, मी प्लेटिंगच्या आधी बफवर (पॉलिशच्या चाकावर) धरली, चकाचक केली, आरशावानी, पैसं बी घेतलं न्हाईत. दोन वर्षांनी त्यांनी कुणालातरी दावली तर त्यो म्हणाला शिक्का कुठाय? शिक्का बफनं खाल्ला होता. आता त्यांच्याकडं एक चकाचक किटली हाय आणि ती कुणाची हाय ते देवालाच ठावं.

काळपटपणा काढायचा असंल तर ऍल्युमिनियम फॉइल टाकलेलं गरम पाणी आणि खायचा सोडा. काळं म्हंजे गंधक धरलेली चांदी, त्यातलं गंधक फॉइल वढून घेतंय आणि चांदी हाय तिथंच ऱ्हाती. घासायला लागत न्हाई. पर सुऱ्या त्यात घालू नका, काकांनी सांगितलंय तेच कारण.

गुजरीकर_१ | शनिवार, सकाळी ११:००

काका, एक विचारतो, आमच्याकडं एक काटा आलाय त्यावर लिहिलंय १८४७ रॉजर्स ब्रदर्स. १८४७ चा म्हणून विकत घेऊ का? ह्या वेळी आधी विचारतोय.

चमचेवाला_काका | शनिवार, सकाळी ११:२०

आधी विचारलंत हे बरं केलंत. १८४७ हा ब्रँडच्या नावाचा भाग आहे, अमेरिकन प्लेटेड माल. विसाव्या शतकात काढलेल्या काट्यावर पण १८४७ असतं.

मंगळवारपेठकर | रविवार, रात्री ११:१५

झाली वाटणी. सांगतो.

आजीनं सगळं तिच्या कॉटवर मांडायला लावलं. चिमटा ३८ ग्रॅम भरला (ह्या वेळी सोनाराचा काटा). तो एकटाच खरा म्हटल्यावर सगळ्यांचं लक्ष तिकडे, तर आजी म्हणाली तो माझा, मी मेल्यावर भांडा. सुऱ्या आत्यांनी घेतल्या, त्यांना केक कापायला हव्यात. चमचे सहा मला, पाच थोरल्या चुलत्यांना. जग थोरल्यांना. किटली कुणालाच नको होती म्हणून मला. हजार रुपये वाल्याचा फोन आला होता, बाराशे म्हणाला.

धाकटे चुलते बराच वेळ गप्प होते. मग साखरेचं भांडं उचललं आणि म्हणाले हे मी घेतो. मी म्हटलं काका ते पण प्लेटेडच आहे, तांबं दिसतंय बघा नखांना. म्हणाले, "असू दे की. मुकुट तर आहे त्यावर. कुणाचा का असेना."

फॉइल आणि सोडा करून किटली धुतली. झेंडा आता नुसत्या डोळ्यांनी दिसतो. आज तिच्यात पहिला चहा केला, आजीला दिला, ती म्हणाली पानचट. आपल्या पातेल्यातला उकळलेला चहा तिला पाहिजे, ह्या किटलीत पत्ती भिजवायची असते हे तिला पटत नाही. मलाही फारसं पटलेलं नाही.

रस्सा_पांढरा | रविवार, रात्री ११:२१

जेवण राहिलं ते राहिलंच. निदान पानचट चहाला तरी बोलवा.

चमचेवाला_काका | सोमवार, सकाळी ९:४०

छान झालं. पण माझं एक काम अर्धवट राहिलंय. साखरेच्या भांड्यावरचं ते अक्षर बी की आर. चुलत्यांकडून स्वच्छ ठसा मिळेल का? झोप लागत नाहीये.

मंगळवारपेठकर | सोमवार, दुपारी १:०५

विचारलं. म्हणाले ठसा घ्यायला या म्हणावं घरी, भांडं बाहेर जाणार नाही. आणि काजळ तुमचं घेऊन या.